तात्पर्याच्या अलीकडे

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणारी गाडी पापनाशम सोडून पुढे निघाली की लवकरच एक लहानसे स्टेशन लागते. फलाटावरच्या पाटीवरील नाव मात्र लहान नाही : सुंदरपेरुमाळ कोयिल. तमिळ जाणणाऱ्याला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. पेरुमाळ म्हणजे विष्णू आणि कोयिल म्हणजे देऊळ. देवळावरून गावाला नाव पडले, एवढाच त्याचा अर्थ. परंतु मराठी कानाला हे नाव निराळे ऐकू येते. ‘सुंदर’ हा शब्द ओळखीचा असतो, ‘पेरुमाळ’मधला शेवटचा ळ घरचा वाटतो आणि ‘कोयिल’ ऐकताच देवळाऐवजी आंब्यावरची कोयल आठवते. सुंदर नावाच्या कुणा राजाची कोयल, अशी एक गोष्ट गाडी स्टेशनातून हलण्यापूर्वीच मनात सुरू झालेली असते. एका भाषेतले देवस्थान दुसऱ्या भाषेत पक्षी होऊन बसते. जुनी कथा नव्याने सांगण्याच्या प्रकाराला शास्त्रीय परिभाषेत कोणतेही भारदस्त नाव दिले, तरी त्याचा उगम पुष्कळदा अशा चुकीच्या ऐकण्यात असतो.

कावेरीच्या ह्या सुपीक टापूत मराठी कान नवखा नाही. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतल्यापासून १८५५ साली राजवंशाची गादी संपेपर्यंत मराठी ही येथली एक राजभाषा होती. ती घरांतून तर त्यानंतरही टिकली. आणि लहानांसाठी गोष्टी सांगण्याचा मराठीतील छापील उद्योग मुंबई-पुण्यात सुरू न होता येथे सुरू झाला, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला परीक्षेपुरती ठाऊक असते. दुसऱ्या सरफोजी राजांनी सख्खण पंडितांकडून इसापाच्या गोष्टींचे भाषांतर करवून घेतले. ‘बालबोधमुक्तावली’ हे त्याचे नाव आणि १८०६ हे त्याचे सामान्यतः दिले जाणारे वर्ष. ते राजाच्या स्वतःच्या छापखान्यात निघाले. सरफोजींनी १७९९ मध्येच राज्यकारभार कंपनीच्या स्वाधीन केला होता. त्यांच्या सत्तेखाली तंजावरचा किल्ला आणि लगतचा थोडा परिसर एवढाच उरला होता. ज्याच्या हाती मुलूख उरलेला नाही असा राजा मुलांसाठी गोष्टींचे पुस्तक छापतो, हे दृश्य स्वतःच एखाद्या कथेत शोभावे असे आहे.

त्या नावातील ‘बालबोध’ हा शब्द क्षणभर थांबून पाहण्याजोगा आहे. बालांना होणारा बोध, हा त्याचा एक अर्थ. आणि मोडीहून निराळी अशी जी देवनागरी, तीही बाळबोधच. म्हणजे लिपीचे नाव आणि उपदेशाचे नाव मराठीत एकच. मुलाने अक्षर ओळखले की त्याच अक्षरातून त्याला शहाणपण मिळाले पाहिजे, असा करार ह्या शब्दातच लपलेला आहे. पुढे १८२८ मध्ये मुंबईस सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांनी ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ सिद्ध केले, तेव्हाही तो करार अबाधित राहिला. कोल्हा द्राक्षांखालून निघून गेला की पाठोपाठ तात्पर्य येणार. ते आले की गोष्ट संपली, पाटी पुसली.

तात्पर्याविषयी तुच्छतेने बोलण्याची अलीकडे एक सवय झाली आहे. ती योग्य नव्हे. सहा वर्षांच्या मुलाला तात्पर्य खुपत नाही. ते त्याला कोड्याच्या उत्तरासारखे वाटते. अडचण येते ती त्याच मुलाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी. लहान मूल कथेला ‘मग?’ असे विचारते. किशोरवयीन वाचक ‘का?’ असे विचारतो. मग काय झाले, ह्याचे उत्तर द्यायला पुढची घटना पुरते. का झाले, ह्याचे उत्तर द्यायचे तर कथाच मुळापासून पुन्हा उभारावी लागते. युरोप-अमेरिकेत गेल्या अर्धशतकात कुमारवाचकांसाठी ज्या अद्भुत कादंबऱ्या परीकथांवरून रचल्या गेल्या, त्यांतील चांगल्या कृतींचे रहस्य एवढेच आहे. त्यांनी जुन्या कथेला नवा पोशाख चढवला म्हणून त्या चांगल्या ठरल्या नाहीत. कथेने जो ‘का’ गिळून टाकला होता तो त्यांनी तिच्याकडून वदवून घेतला.

गेल कार्सन लेव्हिन ह्यांची ‘एला एन्चान्टेड’ ही कादंबरी १९९७ ची. सिंड्रेला सावत्र आईचे सारे हुकूम मुकाट्याने का पाळते, ह्या प्रश्नाला पेरोच्या १६९७ मधील कथेत उत्तर नाही. ती गुणी आहे, एवढ्यावर तेथे भागते. लेव्हिन ह्यांनी त्या गुणालाच शाप ठरवले. जन्मतःच एका परीने एलाला आज्ञाधारकपणाची ‘देणगी’ दिली आहे. कुणीही काहीही फर्मावले तर तिला ते करावेच लागते. मोठी माणसे ज्या गुणाचे गोडवे गातात तोच गुण मुलीच्या गळ्यातील फास असू शकतो, हे ती कादंबरी कोठेही व्याख्यान न झोडता दाखवते. रॉबिन मॅकिन्ली ह्यांची ‘ब्यूटी’ १९७८ ची. तिच्यात शापित प्राण्याच्या वाड्यात एक ग्रंथालय आहे आणि त्यात अजून लिहिलीच न गेलेली पुस्तके आहेत. हा तपशील मूळ कथेत नाही, पण पुस्तकवेड्या नायिकेला त्या वाड्यात का राहावेसे वाटू लागते, ह्याचे त्याहून पटणारे कारण शोधूनही सापडणार नाही. गंमत अशी की हीच ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची कथा एकेकाळी उलट दिशेने गेली होती. मादाम द व्हिलनव्ह ह्यांनी १७४० मध्ये ती मोठ्यांसाठी ऐसपैस लिहिली. १७५६ मध्ये मादाम लप्रँस द बोमाँ ह्या लंडनमधल्या शिक्षिकेने ती मुलींच्या शिक्षणासाठी आखडून घेतली आणि मत्सरी बहिणींना शेवटी पुतळे करून टाकले. बोमाँबाईंचे हे काम आणि सख्खण पंडितांचे भाषांतर ह्यांत पन्नास वर्षांचे अंतर आहे. वृत्ती मात्र एकाच घराण्यातली.

मराठीपाशी अशी कथा नाही काय, हा प्रश्न येथे साहजिक आहे. परीकथा हा शब्दच मुळी बाहेरचा वास घेऊन येतो. आपल्याकडे परी नाही, गॉडमदर नाही, काचेचा जोडा नाही. तथापि श्रावणातल्या सोमवारी घराघरांतून वाचली जाणारी शिवामुठीची कहाणी ह्या दृष्टीने फारशी कुणी पाहिलेली नाही. आटपाट नगराच्या राजाला चार सुना. तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टे जेवण, जाडेभरडे वस्त्र, राहायला गोठा आणि कामाला गुरे. सिंड्रेलाच्या चुलीपाशी राख होती, हिच्यापाशी शेण आहे. रानात तिला नागकन्या-देवकन्या भेटतात, शिवामुठीचा वसा सांगतात. पहिली मूठ तांदळाची. साहाय्यक आले, व्रताची अट आली. मग एके दिवशी घरची मंडळी तिचा देव पाहायला तिच्यामागून रानात जातात आणि देऊळ सोन्याचे झालेले असते. येथवर कथा जगभरच्या तिच्या बहिणींसारखीच चालते.

वेगळेपण पुढे आहे. सिंड्रेला-चक्रात नायिका आपली एक वस्तू मागे विसरते आणि सत्ताधारी पुरुष ती घेऊन तिचा शोध करतो. शिवामुठीच्या कहाणीत मागे राहते ते सासऱ्याचे पागोटे. राजा ते देवळातल्या खुंटीवर ठेवून तळे पाहायला जातो. तो परतेपर्यंत सोन्याचे देऊळ नाहीसे झालेले असते. पागोट्यासाठी त्याला पुन्हा आत जावे लागते, आणि आत त्याला काय दिसते? एक साधेसुधे लहान देऊळ, पिंडी, नावडतीने केलेली पूजा आणि खुंटीवर आपले पागोटे. सोन्याचे देऊळ खोटे नव्हते, ह्याचा पुरावा त्याच्याच डोक्यावरची वस्तू देते. राजाचे पागोटे म्हणजे राजाची प्रतिष्ठा. ती ह्या मुलीच्या गरिबाच्या देवळात टांगलेली आहे आणि उघड्या डोक्याने उभा राहून तो तिला विचारतो आहे की हे असे कसे झाले. काचेच्या जोड्याहून ही कल्पना तसूभरही उणी नाही. सामाजिक अर्थाने तर ती अधिक धीट आहे. जोडा मुलीच्या पायाला बसतो की नाही हे पाहिले जाते. पागोट्याच्या बाबतीत परीक्षा मुलीची होतच नाही.

आणि तरीही कहाणी एका प्रश्नाजवळून मान खाली घालून निघून जाते. ही सून नावडती का? रूपाने, गुणाने, माहेरच्या गरिबीने? कहाणी सांगत नाही. नावडतीचे मीठ अळणी, असे म्हणून भाषेनेही हात झटकले आहेत. शेवटी राजा प्रसन्न होतो, दागिने देतो, पालखीत घालून तिला घरी नेतो. नावडती होती ती आवडती झाली आणि कहाणी सुफळ संपूर्ण. ऐकणाऱ्या बायकांना हा शेवट पुरत असे, कारण त्यांतल्या कितीतरी जणींना तेवढेही मिळालेले नव्हते. पण आज सोळा वर्षांची मुलगी ही कहाणी वाचते तेव्हा तिच्यापुढे प्रश्नांची रांगच उभी राहते. तिचा नवरा कोठे होता? तिघी जावांना लाज वाटली की भीती? कालवर जिला उष्टे वाढले तिने त्यांच्या पालखीत का बसावे? ती रानात नागकन्यांबरोबर का राहिली नाही? ह्यांतला कोणताही एक प्रश्न घट्ट धरून ठेवला तर त्यात तीनशे पानांची कादंबरी आहे. ती मराठीत लिहिली गेली पाहिजे होती. नागकन्यांची वस्ती, गोठ्यातली रात्र, आपोआप सोन्याचे होणारे आणि आपोआप विरघळणारे देऊळ, हे सारे साहित्य घरात पडलेले असताना मराठी कादंबरी त्याच्या बाजूने फिरकली नाही.

ह्याचा दोष मराठीला अद्भुताचे वावडे आहे असे म्हणून देता येणार नाही. मराठी कादंबरीचे बाळपणच अद्भुतात गेले. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणण्यास प्रारंभ केला. नाथमाधवांचे ‘वीरधवल’ कित्येक पिढ्यांनी चोरून किंवा उजळ माथ्याने वाचले. ह्या पुस्तकांना वाचकाचे वय ठाऊक नव्हते, पण वाचकांना ती ठाऊक होती आणि त्यांत तरुणांचा भरणा मोठा होता. नंतर वास्तवाची प्रतिष्ठा वाढली. ती वाढणे आवश्यकच होते. फक्त तिच्याबरोबर एक वाटणी झाली, तिची नोंद समीक्षेने घेतली नाही. अद्भुत लहान मुलांच्या वाट्याला गेले आणि वास्तव मोठ्यांच्या. रत्नाकर मतकरींसारख्या नाटककाराने बालरंगभूमीवर राक्षस-चेटकिणींना मनापासून आणि नेमकेपणाने उभे केले, ‘किशोर’ मासिकाने १९७१ पासून मुलांना चांगले वाचायला दिले. परंतु मधले वय, ज्याला राक्षस खोटा आहे हे कळलेले असते आणि तरीही त्याची भीती का वाटते हे कळलेले नसते, त्या वयासाठी मराठीत ऐसपैस अद्भुत कादंबरी क्वचितच घडली. भूक मात्र होती. हॅरी पॉटर मराठीत आला तेव्हा पहिल्या भागाच्या नावात अनुवादाने ‘परीस’ हा शब्द योजला. जो शब्द ज्ञानेश्वरांपासून मराठी कवितेत आहे, तो मराठी मुलांना एका इंग्रज जादूगाराच्या शाळेत पुन्हा भेटला. त्यात वाईट काही नाही. शब्दाला स्वतःच्या घरातही काही काम असते तर बरे झाले असते, इतकेच.

येथे पुन्हा तंजावरकडे वळले पाहिजे, कारण ज्या दरबाराने तात्पर्याची वाट घालून दिली त्याच दरबाराने दुसरीही वाट चालून पाहिली होती आणि ती विसरली गेली. सरफोजी राजांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे. कुरवंजी हा तमिळ मुलखातला लोकप्रिय नाट्यप्रकार. नायक मिरवणुकीतून जातो, नायिका त्याला पाहून विरहाने झुरू लागते. मग डोंगरातली कुरव जातीची स्त्री टोपली घेऊन येते, आपल्या डोंगराचे, आपण हिंडलेल्या मुलखांचे वर्णन करते, नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते आणि दागिने बक्षीस घेऊन जाते. पाठोपाठ तिचा नवरा तिला शोधत येतो आणि हे अलंकार तुला कुणी दिले, असे खोदून विचारतो. हा सांगाडा परीकथेचाच आहे. खुद्द सरफोजींना नायक करून ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ तमिळमध्ये रचली गेली आणि ती बृहदीश्वराच्या देवळात होत असे.

राजाने हा साचा मराठीत घेतला तेव्हा त्यात एकच बदल केला, आणि तो विलक्षण होता. त्याची कुरवंजी इंद्राणीला केवळ डोंगर आणि क्षेत्रे सांगत नाही. ती तिला पृथ्वीचा भूगोल सांगते. युरोपीय नकाशांवरून आणि पुस्तकांतून राजाने जे शिकून घेतले होते ते, खंडे, देश, समुद्र, त्या टोपलीवाल्या भटक्या बाईच्या तोंडून गाण्यांत येते. ह्या नाटकाला शैक्षणिक युक्ती म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, आणि त्यात शिकवण्याचा हेतू होता हे खरेही आहे. राजाने शाळा काढल्या होत्या; ओरत्तनाडूच्या अन्नछत्राला जोडून शिक्षणाची सोय केली होती. तरी ‘बालबोधमुक्तावली’ आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ शेजारी ठेवल्या की भेद लख्ख दिसतो. पहिलीत परकी कथा आणून तिची शिकवण आपल्या मुलांना दिली. दुसरीत आपल्या मातीतली कथा घेतली आणि तिला विचारले : तू जग हिंडलीस म्हणतेस, तर जग केवढे आहे? कुरवंजीच्या साच्यात तो प्रश्न आधीपासून होता. कुणी विचारला नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस मिशनरी श्वार्ट्झच्या देखरेखीखाली शिकलेल्या त्या दत्तक राजपुत्राच्या मनात तो आला. त्याचे नवे ज्ञान आणि त्याच्या मुलखाची जुनी गोष्ट ह्यांच्यात त्याला भांडण लावावे लागले नाही.

त्याच्याही आधी, त्याच घराण्यात, शाहजी राजांनी सतराव्या-अठराव्या शतकाच्या संधिकाळात ‘पंचभाषाविलास’ रचले होते. त्यात निरनिराळ्या देशांच्या राजकन्या कृष्णासाठी झुरतात आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलते. तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी, आणि सोबत संस्कृत. नायिकेला दुसरीची भाषा यावी अशी अट नाही. प्रेक्षकाला मात्र साऱ्याच थोड्याथोड्या येत असाव्यात, निदान पुरेशा चुकीच्या ऐकू येत असाव्यात.

आज ह्या टापूतील तंजावरी मराठी कुटुंबांत घरची बोली मराठी आहे आणि शाळेची लिपी तमिळ किंवा इंग्रजी. बाळबोध लिपी त्यांच्यातील बहुतेकांच्या हातून सुटली. मोडी तर त्याआधीच. सरस्वती महाल ग्रंथालयात, जे १९१८ पासून सर्वांना खुले आहे, त्यांच्याच पूर्वजांची मराठी हस्तलिखिते कापडी बस्त्यांत बांधलेली आहेत. मॅकिन्लीच्या नायिकेला वाड्यात न लिहिलेली पुस्तके सापडली होती. येथल्या मुलीला वाड्यात सापडतील ती लिहिलेली, पण तिला न वाचता येणारी पुस्तके. आजी जी गोष्ट सांगते ती तिला पूर्ण कळते. तीच गोष्ट समोर लिहून ठेवली तर तिला त्या रेघा आणि काने दिसतील. ही अवस्था केवळ कावेरीकाठची मानण्याचे कारण नाही. पुण्यात, नागपुरात, न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी मुलांनाही चौदाव्या वर्षानंतर मराठी ऐकू येते आणि वाचली जात नाही. तंजावरला जे दोन शतकांत झाले ते अन्यत्र एका पिढीत होत आहे, आणि ते नेमके त्या वयात होते ज्या वयात वाचक ‘का?’ विचारतो आणि त्याच्या भाषेतले पुस्तक त्याला अजूनही तात्पर्य सांगत असते. मारिसा मेयर ह्यांच्या २०१२ च्या ‘सिंडर’मध्ये राखेतली मुलगी भविष्यकाळातल्या पेइचिंगमध्ये यंत्रे दुरुस्त करते आणि तिचा एक पाय धातूचा आहे. मराठी घरातली मुलगी ते पुस्तक इंग्रजीत वाचते, आवडीने वाचते, आणि शिवामुठीची नावडती तिच्या आठवणीत श्रावणातल्या एका सोमवारच्या पाटावर तशीच बसून राहते.

कुंभकोणमकडून परतणारी संध्याकाळची गाडी त्या स्टेशनात थांबते तेव्हा शाळा-कॉलेजांतून घरी निघालेली मुले उतरतात. भाताच्या खाचरांवर बगळे असतात. समजा, सरफोजींची टोपलीवाली आज ह्या फलाटावर आली आणि त्यांतल्या एखादीने, जिच्या घरी आजी अजून मराठी बोलते, तिच्यापुढे हात केला. कुरवंजीला तिला पृथ्वीचा नकाशा सांगण्याची गरज उरलेली नाही. तो मुलीच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. तिला हाताच्या रेषांकडे पाहून ते रान कोठे आहे हे सांगावे लागेल, जेथे देऊळ सोन्याचे झाले होते, आणि खुंटीवर कुणाचे पागोटे अजून लोंबते आहे तेही. कोणत्या भाषेत सांगायचे, हे तिने आधी मुलीलाच विचारावे.